मौनातली टाळी

चित्राने टाळी वाजवली. हात ओले होते, त्यामुळे आवाज नीट उमटला नाही, नुसता पचकन झाला. पण देवघरासमोर फतकल मारून बसलेल्या इराला तेवढा पुरला. तिने मान वळवून आईकडे पाहिलं आणि ती हसली. तिच्या दोन्ही हातांत तांब्याचं पंचपात्र होतं. त्यातली पळी तिने काढून शहाण्यासारखी ताम्हनात ठेवली होती. एवढ्याशा बोटांना ते भांडं पेलत नव्हतं, तरी आई धरते तसं तिने ते छातीशी धरलं होतं. आईने टाळी वाजवली म्हणजे आपलं काहीतरी छान झालं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आरतीला टाळी, पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा टाळी, वरणभाताचा शेवटचा घास गिळला की टाळी. हसणं पुरतं ओसरायच्या आत तिने पंचपात्र तोंडाला लावलं, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या चित्राला तिचा तो इवलासा गळा हललेला दिसला.

पंचपात्रात पाणी नव्हतं. कंपनीतलं पाणी होतं. सलिल चाकणच्या ज्या कारखान्यात इंजिनियर होता, तिथे गाड्यांच्या सुट्या भागांवर मुलामा चढवायचे, आणि त्याआधी धातू लख्ख करायला एक आम्लाचं मिश्रण वापरायचे. सणवार जवळ आले की त्या शॉपमधला, म्हणजे खात्यातला, प्रत्येक जण त्यातलं थोडं पाण्याच्या बाटलीत भरून घरी न्यायचा. त्याला नाव नव्हतं. सगळ्यांच्या घरात ते 'कंपनीतलं पाणी' होतं. चिंच नको, राख नको, घासणं नको. भांड्यात ओतायचं, पूजेची फुलं निवडून होईपर्यंत ठेवायचं, ओतून टाकायचं, की तांबं नव्या नवरीसारखं झळकतं. पंचपात्राच्या बुडाशी काळपट-हिरवा थर धरला होता आणि उद्या संकष्टी होती. ओट्यावर दुधाचं पातेलं, कुकर, सगळी धांदल. म्हणून चित्राने ते देवापुढेच ठेवलं. आत पळी बुडवून ठेवली, तीही निघावी म्हणून. तेवढ्यात दूध वर येऊ लागल्याचा वास आला आणि ती उठली.

'नको' हा शब्द तिच्या जिभेवर होता. अगदी टोकाशी होता. पण पूजा संपेपर्यंत ती बोलत नसे, हे व्रत होतं, आणि व्रत इरासाठीच घेतलेलं होतं. दोनदा कूस भरून रिकामी झाली तेव्हा चिंचवडला मोरयाच्या देवळात, नदीकडच्या पायऱ्यांवर बसून तिने मनाशी बोलून टाकलं होतं, की पोटात राहिलेलं जगलं तर रोज पूजा होईपर्यंत मी तोंडातून शब्द काढणार नाही, पाण्याचा थेंब घेणार नाही. जगलं. त्या दिवसापासून सकाळी तिचं घर मुकं असायचं. सलिलशी खुणा ठरल्या होत्या: चुटकी म्हणजे दार बघ, मनगट दाखवलं म्हणजे बस चुकेल, टाळी म्हणजे थांब. सलिलला ठाऊक होतं टाळी म्हणजे थांब. इराला कोण सांगणार? तशी चित्रा मुळातच हळू बोलणारी. सासरी कोणी मोठ्याने हाक मारली तरी तिच्या छातीत धडधडायचं. मौन तिला कधी जड गेलंच नव्हतं, उलट दिवसातला तेवढा तुकडा तिचा स्वतःचा असायचा, त्यात देव आणि ती आणि मांडीला टेकलेली इरा. आणि आज, ज्या क्षणी तिच्या आतून सगळं ओरडत होतं, त्या क्षणी तोंड मात्र सवयीने मिटलेलं राहिलं आणि हात पुढे झाले. तिने ठरवलं नव्हतं. हेच तर. ठरवायला वेळ मिळाला असता तर तिने व्रत मोडलं असतं, हजार वेळा मोडलं असतं. पण हाताने ठरवलं, आणि हात धार्मिक होते.

मग पंचपात्र खाली पडलं, आणि इरा रडायच्या ऐवजी नुसती तोंड उघडं ठेवून आईकडे बघत राहिली, जणू आईनेच तिला काहीतरी भलतं दिलं होतं. चित्राने तिला उचललं तेव्हा तिच्या तोंडून निघालेला पहिला शब्द 'थुंक' हा होता. "थुंक, इरा! थुंक!" ती किंचाळत होती, आणि इराला तो शब्द माहीत नव्हता. तिला कधी शिकवलाच नव्हता. तिला शिकवलं होतं ते असं: उजव्या हाताचा खळगा गाईच्या कानासारखा करायचा, पळीतलं तीर्थ सांडू द्यायचं नाही, आवाज न करता गिळायचं, मग ओला हात डोक्यावरून फिरवायचा. सगळ्या सोसायटीत कौतुक. तीर्थ देताना चित्रा मनातल्या मनात ते शब्द म्हणायची, अकाली मरण टळो, सगळे रोग नाहीसे होवोत. इराने आत्ताही ओला हात डोक्यावरून फिरवला. केसांना ते पाणी लागलं म्हणून चित्राने पदराने तिचं डोकं पुसलं, ओठ पुसले, बोट तोंडात घालून जीभ पुसली, आणि मग काय सुचलं कोण जाणे, तेच बोट स्वतःच्या जिभेला लावलं. आधी आंबट. मग काहीच नाही. मग एक टोचणी, बारीक, जागच्या जागी, जी पुढे कितीतरी वेळ जायची नव्हती. एवढ्याशा थेंबाने हे, तर घोटाने काय, हा हिशेब तिच्या मनाने मांडायला घेतला आणि अर्ध्यावर टाकून दिला.

शेजारच्या दुर्गाबाई उघड्या दारातून आत आल्या. ही सोसायटी ज्या जमिनीवर उभी होती ती त्यांच्या दिरांची. मोशीतलं जुनं घर पाडून त्यांना इथे फ्लॅट मिळाले होते, पण चालणं-बोलणं अजून अंगणातलं. "काय गं बाई, येवढी वराडलीस? तुजा आवाज म्या आज पयल्यांदा ऐकला," म्हणता म्हणता त्यांनी खाली पडलेलं भांडं पाहिलं, बाटली पाहिली, इराचे पांढुरके पडत चाललेले ओठ पाहिले, आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन मिठाचा डबा काढला. "मिठाचं पानी पाज घटाघटा, समदं भाईर पडंल. आमच्या दिराच्या पोरानं घासलेट पिलं हुतं, म्या सोता बोटं घालून काडलं. आज बघ, चाकनला ट्रका हायती त्याच्या, दांडगा रेडा झालाय." तोवर चित्राने सलिलला फोन लावला होता. मागे यंत्रांचा घरघराट होता. "कुठली बाटली?" तो म्हणाला. "ती? ती वर ठेवलेली?" आणि मग त्याचा आवाज अगदी सपाट झाला. "ऐक. उलटी काढायची नाही. काही झालं तरी नाही. तोंड पुसून घे आणि जशी आहेस तशी पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात पोच. मी ड्रमवरचं आम्लाचं नाव घेऊन येतो." "पण दुर्गाबाई म्हणतायत—" "चित्रा, आमच्या इथे बोर्ड लावलाय भिंतीवर. जाताना जाळतं, वर येताना परत जाळतं." मग त्याच बोर्डाखालून तू ती बाटली पिशवीत घालून कशी आणलीस, हे तिच्या मनात आलं, आणि मनातच राहिलं, कारण ती स्वतः कुठल्या बोर्डाखाली उभी होती ते तिला माहीत होतं. दुर्गाबाई पेला घेऊन पुढे आल्या. "त्यो काय डाक्टर हाय व्हय? लोखंडाला रंग लावतोय त्यो." चित्राने इराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "नको," ती म्हणाली. शब्द किती सहज आला. एवढा हलका होता तो, एवढा घरचा, की त्याच्यासाठी काही वेळापूर्वी आपल्याला तोंड उघडता आलं नाही यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना.

दुर्गाबाईंच्या मुलाने, ज्योतीरामने, गाडी काढली आणि दुर्गाबाईही बाटली पिशवीत घालून सोबत बसल्या. भोसरीकडे कांद्याचे ट्रक एकामागे एक अडकले होते, कंपन्यांच्या बसगाड्या मधेच घुसत होत्या, आणि ज्योतीराम काचेबाहेर अर्धा वाकून ओरडत होता, "ए भावा, पोरगी हाय गाडीत! घे की बाजूला!" इरा आता रडत होती, पण रडणं तिचं नव्हतं, घोगरं, कुणा म्हाताऱ्याने आत बसून काढल्यासारखं. तोंडातून लाळ गळत होती, ती गिळत नव्हती. चित्राचा खांदा भिजला होता आणि त्या ओलीकडे तिचं सगळं लक्ष लागलं होतं. घर डोळ्यांपुढून जात होतं, फळीफळीने. इरा रांगायला लागली त्या आठवड्यात तिने घरातली सगळी विषं वर चढवली होती. फिनेल माळ्यावर. संडास धुवायचं निळं पाणी गिझरच्या वर. डासांचं औषध, ढेकणांचं औषध, डांबराच्या गोळ्या, सलिलचं शू-पॉलिश, सगळं तिच्या स्वतःच्याही हाताला लागणार नाही इतकं उंच. सिंकखालच्या कपाटाला तिने नाडी बांधली होती आणि सलिल चेष्टा करायचा, की आता चहाचं गाळणं काढायलासुद्धा परवानगी लागते. कंपनीतल्या पाण्याची बाटलीसुद्धा वरच होती, ती आज तिनेच स्टुलावर चढून खाली घेतली. सगळं वर होतं. फक्त देव खाली होते. जमिनीवर बसून पूजा करता यावी, पोरीला देव दिसावेत, हात पोचावा, म्हणून तिने हौसेने देवघर खाली घेतलं होतं. घरात भीती नसलेली तेवढी एकच जागा ठेवली होती आणि तिथेच ते भरून ठेवलं होतं. देवाला तरी कळायला हवं होतं, असं तिला वाटलं, आणि वाटल्याबरोबर तिने जीभ चावली. जिभेवरची ती टोचणी पुन्हा जागी झाली.

"काय प्यायली?" तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं. कोटावर नाव होतं, मैत्री. "तीर्थ," चित्रा म्हणाली. डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. चित्राला आपण काय बोललो ते कळायला वेळ लागला. इरा जे प्यायली ते इराच्या मनाने तीर्थच होतं, आणि या घडीला चित्रा पुरती इराच्या आत होती. दुर्गाबाईंनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उचलून उजेडात धरली. "यावर तर बर्फाचा डोंगर आहे," त्या म्हणाल्या. त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांना खरोखर नाव हवं होतं, जोर हवा होता, किती पाणी किती आम्ल, आणि बाटली सांगत होती की हे डोंगरातलं शुद्ध पाणी आहे. "उलटी काढलीत का?" "नाही." "मीठ, दूध, लिंबू, काही दिलंत?" "नाही." "ते बरं केलंत," डॉक्टर म्हणाल्या. चित्राने भिंत धरली. बरं केलंत. आज दिवसभरात कुणी तिला हे म्हणावं असं तिने काहीच केलं नव्हतं.

सलिल आला तो कंपनीच्या निळ्या शर्टात, पायात जड बूट, हातात ड्रमच्या चिठ्ठीचा फोटो. डॉक्टरांना दाखवून झाल्यावर तो बाकावर बसला आणि एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणू लागला, "मी आणली. मीच आणली." शॉपचे मॅनेजर उद्धवराव यांना त्याने सगळं सांगितलं होतं, आणि ते एवढंच म्हणाले होते, आधी पोरीचं बघ, मग तुझं बघतो. "बघू देत," सलिल म्हणाला. त्याचे खांदे पडले होते, तरी चित्राला त्याचा हेवा वाटला. त्याच्या अपराधाला निदान बाटलीचा आकार होता. ती उचलता येत होती, टेबलावर ठेवता येत होती, तिचा फोटो काढता येत होता. आत, बंद दारामागे, गुंगी देऊन इराच्या घशातून दुर्बीण उतरवत होते, आणि बाहेर त्या लांब व्हरांड्यात फरशीवरून फडकं फिरत होतं. चित्रा म्हणाली, "मी बघत होते." "काय?" "ती उचलत होती तेव्हा मी दारात होते. पूजा व्हायची होती माझी. मी टाळी वाजवली." टाळी म्हणजे काय हे सलिलला सांगावं लागणार नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून ती थांबली, रागाची तिला गरज होती, पण तो बुटांकडे बघत म्हणाला, "आईला हे सांगू नकोस माझ्या." मग चहा आणतो म्हणून उठला. खूप उशिराने आला. हातात एकच कप होता, तो त्याने तिच्या हातात दिला आणि तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

डॉक्टर मैत्री बाहेर आल्या तेव्हा त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला होता. "भोक पडलेलं नाही. हे पहिलं ऐका. अन्ननलिका भाजलीय, वरच्या भागात जास्त. नाकातून नळी टाकलीय, दूध त्यातून जाईल. तोंडाने मी सांगेपर्यंत थेंब नाही." "बरी होईल ना?" सलिलने विचारलं. "जखम भरेल. भरताना अन्ननलिका आवळते कधीकधी. मग गिळता येत नाही, ती रुंद करत राहावी लागते. ते आज कुणालाच सांगता येणार नाही." कुणालाच, या शब्दावर चित्राने नकळत वर पाहिलं. वर छताला पंखा होता.

त्यानंतरचे दिवस तिला एकाच लांब दुपारीसारखे वाटले. खिडकीतून ऊन यायचं, पलंगाच्या पायाशी यायचं, जायचं. इराला तहान लागायची. सलाइन चालू असलं तरी तोंडाला तहान लागायचीच. ती ओठ चाटायची, पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवायची, घोगऱ्या आवाजात 'मम मम' करायची, आणि चित्रा ओल्या कापसाने तिचे ओठ टिपायची. पहिल्या सकाळी भान आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं होतं, की आपण उठल्यापासून बोलतोय, नर्सशी, सलिलशी, पाणीही प्यायलोय. आंघोळ नाही, पूजा नाही, आणि काहीच झालेलं नाही. आभाळ जागच्या जागी आहे. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ती भ्यायली. मोडलेल्या व्रताचा कुठे आवाजच झाला नाही, म्हणजे इतके दिवस पलीकडे कुणी ऐकत होतं की नव्हतं? तिने तो विचार दोन्ही हातांनी दाबून टाकला. देव नसता तर ती एकटी उरली असती त्या दारात, टाळीसकट. त्यापेक्षा रागावलेला देव बरा. रागावलेल्याला मनवता येतं. मग ती आपल्यात शोधू लागली, आता द्यायला काय शिल्लक आहे. भात सोडायचा? गोड तर कधीच सोडलं होतं. चपला? झोप? सगळं हलकं वाटलं, देवाच्या हातावर ठेवायलाही लाज वाटावी इतकं. शेवटी तिने पलंगाच्या गजाला कपाळ टेकवून मनाशी सांगितलं, की इरा स्वतःच्या गळ्याने गिळेपर्यंत मी एक शब्द बोलणार नाही. सकाळचाच तुकडा नाही, सगळा दिवस घे, सगळा आवाज घे.

सलिलला हे कळलं ते त्याने विचारलेल्याचं उत्तर तिने हाताने दिलं तेव्हा. तो पलंगाच्या पलीकडे उभा होता. "परत?" तो हळूच म्हणाला. "परत तेच, चित्रा?" नर्स बघत होती म्हणून त्याने आवाज चढवला नाही. "मला बोलायला कोण आहे गं इथे? तिला कोण आहे?" चित्राने डोळे मिटून घेतले. आपण त्याला किती दुखवतोय ते तिला दिसत होतं; पण दुखणं म्हणजे किंमत, आणि किंमत जास्त म्हणजे नवस खरा, असंच तिला लहानपणापासून उमगलेलं होतं. दुर्गाबाई डबा घेऊन यायच्या, तिच्याकडे बघून म्हणायच्या, "ह्या पोरीचं त्वांड जळालं, का हिच्या आईचं?" आणि उत्तर येत नाही म्हटल्यावर इराचे पाय चेपायच्या. इरा आता आईच्या तोंडाकडे बघायची. सारखी. कापूस फिरवताना, नळीतून दूध सोडताना, तिचे डोळे आईच्या ओठांवर खिळलेले असत, बंद दाराकडे बघावं तसे.

ज्या दिवशी डॉक्टर मैत्री म्हणाल्या, "चला, आज तोंडाने पाणी देऊन बघू," त्या दिवशी चित्राचे हात सकाळपासून गार होते. नर्सने उकळून निवलेलं पाणी वाटीत आणलं. पहिला चमचा नर्सने पुढे केला. इराने ओठ घट्ट मिटले. इतके घट्ट, की भोवतीची कातडी पांढरी पडली. जी पोरगी तांब्याकडे बघून रात्रंदिवस रडत होती ती आता चमच्याकडे बघून पलंगाच्या कोपऱ्यात सरकत होती. "अगं सोनू, पाणीये नुसतं," नर्स म्हणाली. सलिलने माकडासारखे गाल फुगवले, टिचक्या वाजवल्या, स्वतः चमचाभर पिऊन 'आहा' केलं. इराने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आईच्या तोंडाकडे बघत होती. डॉक्टरांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "जबरदस्ती नाही करता येणार. ठसका लागून फुप्फुसात गेलं तर नवीन उपद्व्याप. तिने आपणहून गिळायला हवं, तरच कळेल आत काय आहे." मग त्या चित्राजवळ आल्या. "आई, तुम्ही बोला ना तिच्याशी काहीतरी. ती वाट बघतेय तुमची."

चित्राने वाटीकडे पाहिलं. बोलले आणि देवाने हात काढून घेतला तर? नाही बोलले आणि हिने तोंडच उघडलं नाही तर? इरा गिळेपर्यंत मी बोलणार नाही, असं तिने म्हटलं होतं; आणि ती बोलेपर्यंत इरा गिळणार नव्हती. तिने स्वतःच्या हाताने घातलेली ही गाठ, आणि हिचं दुसरं टोक या मिटलेल्या ओठांत होतं. तिच्या आत काहीतरी ओरबाडत वर आलं. ती प्रार्थना नव्हती. घे, तिला म्हणायचं होतं, मला घे हवं तर, पण मला आता वेळ नाही. तिने नर्सच्या हातून वाटी घेतली, चमचा भरला, आणि तोंड उघडलं. इतक्या दिवसांच्या मुकेपणाने आवाज गंजला होता, इराच्यापेक्षाही घोगरा झाला होता. "कबुतर बघ," ती म्हणाली. "खिडकीत कबुतर बसलंय बघ, इरा." खरोखरच बसलं होतं. इराचे डोळे मोठे झाले. कबुतरामुळे नाही, आईचं तोंड उघडलं म्हणून. नवल वाटून तिचे ओठ किंचित सुटले, आणि चित्राने चमचा आत टेकवला.

पाणी तोंडात गेलं आणि तिथेच राहिलं. इराचं सगळं अंग ताठरलं. सलिलने पलंगाचा गज धरला. "बोलत राहा," डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाल्या. त्यांची दोन बोटं इराच्या गळ्यावर टेकलेली होती. "त्याची मान बघ कशी निळी-हिरवी आहे," चित्रा म्हणाली, "ते ना, पाणी प्यायला आलंय, त्याला पण तहान लागलीय—" गळा हलला. मग ठसका लागला, इराचा चेहरा लाल झाला, ओठांच्या कोपऱ्यातून पाणी हनुवटीवर आणि तिथून झबल्यावर ओघळलं, ती कळवळून रडली. चित्राने डॉक्टरांकडे पाहिलं. "थोडं गेलं," त्या म्हणाल्या. "थोडंच. अजून काही सांगत नाही मी. परत द्या." चित्राने हनुवटी पुसली, परत चमचा भरला, आणि कबुतर केव्हाच उडून गेलं होतं तरी ती कबुतराबद्दलच बोलत राहिली.